गार्सिया द ऑर्ता : कोकणचा माड चाखून लिहून ठेवणारे वैद्य

सुट्टीच्या दिवशी सकाळी लवकर निघून, ठाणे-कल्याण मागे टाकून, कसारा घाट चढून नाशिकला वाइन चाखायला जाणारे तुमच्यापैकी बरेच असतील. तिथे टेबलावर चार-पाच ग्लास मांडलेले असतात. द्राक्षाची जात कोणती, माल कोणत्या हंगामातला, पिंपात किती महिने ठेवला, हे सांगायला माणूस उभा असतो. तुम्ही एकेक घोट घेता, आवडलेल्याचे नाव लक्षात ठेवता आणि संध्याकाळी एखादी बाटली घेऊन परतता.

आता एक प्रश्न. घरून निघाल्यापासून घाटाच्या पायथ्यापर्यंत, खाडीच्या कडेला आणि गावांच्या बांधावर जे माड, ताड आणि शिंदीची झाडे तुम्ही ओलांडलीत, त्यांच्या रसाची चव कशी असते, ती दिवसभरात कशी बदलते, हे तुम्हाला कोणी कधी सांगितले का? माडाची माडी, ताडाची ताडी आणि शिंदीचा आंबलेला रस या शास्त्राच्या हिशेबाने वाइनच आहेत. झाडातला गोड रस यीस्टने आंबवला की वाइन होते. तो रस द्राक्षाचा असो वा पोयीचा. तरीही या वाइनला ना जातीचे नाव मिळाले, ना गावाचे.

पोर्तुगालहून आलेल्या एका वैद्यांनी 460 वर्षांपूर्वी हे सगळे विचारले, पाहिले आणि छापून ठेवले. त्यांचे नाव गार्सिया द ऑर्ता. मुंबई बेट काही काळ त्यांच्याच ताब्यात होते. मसाल्यांच्या आणि औषधी वनस्पतींच्या इतिहासात त्यांचे नाव जगभर घेतले जाते. आपल्याकडे मात्र माडाच्या बागायतदारालाही ते फारसे ठाऊक नसते. म्हणून आज पिकाऐवजी या माणसाची ओळख करून घेऊ. माडाची माहिती ओघात येईलच.

घर सोडून आलेला माणूस

ऑर्ता यांचा जन्म 1500 सालाच्या आसपास, पोर्तुगालमध्ये स्पेनच्या सरहद्दीजवळच्या कास्तेलो द व्हिदे या गावी झाला. आईवडील मूळचे स्पेनमधले ज्यू. स्पेनने 1492 मध्ये ज्यूंना हाकलले तेव्हा हे कुटुंब पोर्तुगालमध्ये आले. तिथेही 1497 मध्ये सक्तीने धर्मांतर झाले. अशा घरांना पुढे नवे ख्रिस्ती म्हणत. कागदोपत्री ख्रिस्ती, पण शेजाऱ्यांची आणि चर्चची नजर कायम संशयाची, अशी ही अवस्था होती.

ऑर्ता सालामांका आणि अल्काला या स्पेनमधल्या विद्यापीठांत वैद्यक शिकले. परत येऊन गावात वैद्यकी केली, मग लिस्बनला गेले आणि तिथल्या विद्यापीठात शिकवू लागले. त्या काळी वैद्यक शिकणे म्हणजे ग्रीक आणि अरबी वैद्यांचे जुने ग्रंथ पाठ करणे. मिरी, दालचिनी, हिंग, वेलची ही औषधे त्या ग्रंथांत होती, पण ज्या झाडांपासून ती येतात ती झाडे शिकवणाऱ्यांनी पाहिलेली नव्हती. वाळलेला माल जहाजातून यायचा आणि त्यावरच पोथ्या रचल्या जायच्या.

1534 च्या मार्च महिन्यात ऑर्ता मार्तिम अफोन्सो द सौझा या आरमारी सेनापतीचे वैद्य म्हणून जहाजावर चढले. आफ्रिकेला वळसा घालून सहा महिन्यांनी, सप्टेंबरात, ते गोव्याला पोहोचले. त्यांच्या मागे दोनच वर्षांनी, 1536 मध्ये, पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा देणारे न्यायालय, सुरू झाले. ऑर्ता पुन्हा कधीच मायदेशी गेले नाहीत.

ठाण्याची खाडी आणि मुंबई बेट

ते आले त्याच वर्षाच्या अखेरीस गुजरातचा सुलतान बहादूरशाह आणि पोर्तुगीज यांच्यात वसईचा तह झाला. वसई, साष्टी, ठाणे आणि मुंबईची बेटे पोर्तुगीजांकडे आली. पुढे 1737 मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तोवर म्हणजे दोनशे वर्षे हा पट्टा त्यांच्याकडे राहिला. खाडीच्या एका अंगाला पोर्तुगीजांचे ठाणे, तर कल्याणकडचा आणि घाटावरचा मुलूख अहमदनगरच्या निजामशाहीचा, असे तेव्हाचे चित्र होते.

ऑर्ता सुरुवातीची वर्षे आरमाराबरोबर किनाऱ्याकिनाऱ्याने फिरले, नंतर गोव्यात स्थायिक झाले. पण एका जागी बसून राहिले नाहीत. अहमदनगरचा राजा बुऱ्हाण निजामशाह त्यांना उपचारासाठी बोलावून घेत असे आणि दोघांत चांगली मैत्री जमली. त्या दरबारात हकीम होते, वैद्य होते. युनानी औषधांची अरबी नावे, इथली देशी नावे आणि त्यांचे गुण यांवर तिथे चर्चा चाले. ऑर्ता शिकवत आणि शिकतही. 1554 च्या सुमारास त्यांना मुंबई बेट वार्षिक खंडावर मिळाले. आज जिथे कोट भाग आहे तिथे, समुद्राच्या कडेला, त्यांचा वाडा होता असे मानतात. बेटावर भाताची खाचरे आणि माडांच्या वाड्या होत्या.

म्हणजे आपल्या भाषेत सांगायचे तर हे वैद्यही होते आणि बागायतदारही. आंब्याबद्दल लिहिताना ते मुंबई बेटावरच्या आपल्याच एका झाडाची नोंद करतात. त्या झाडाला वर्षातून दोनदा फळ येई, एकदा नाताळच्या सुमारास आणि एकदा मे महिन्याच्या अखेरीस. दोन बहर देणाऱ्या आंब्याची ही नोंद आजच्या फळबाग तज्ज्ञालाही कामाची आहे. झाड कुठले, महिना कोणता, मालक कोण, हे सगळे तिच्यात आहे.

माडावरचे प्रकरण

10 एप्रिल 1563 रोजी गोव्यात ऑर्ता यांचे पुस्तक छापून झाले. भारतात छापखाना येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती. पुस्तक पोर्तुगीज भाषेत आहे. विद्वानांची लॅटिन त्यांनी मुद्दाम टाळली. मांडणी संवादाची आहे. एका बाजूला खुद्द ऑर्ता, दुसऱ्या बाजूला रुआनो नावाचे काल्पनिक डॉक्टर. रुआनो स्पेनहून नुकते आलेले, जुन्या ग्रंथांवर श्रद्धा असलेले. ते पोथीतला दाखला देतात, ऑर्ता इथे काय पाहिले ते सांगतात. मध्येच घरातली मोलकरीण अंतोनिया एखादे फळ किंवा पान आणून टेबलावर ठेवते. असे 50 हून अधिक संवाद आहेत आणि त्यातला एक माडावर आहे.

त्या संवादात काय आहे ते पाहा. माड दोन कामांसाठी राखतात, काही नारळासाठी आणि काही रसासाठी. रसाच्या झाडाला कापून मडके बांधतात आणि त्यात जमणाऱ्या रसाला सुरा म्हणतात. गोव्यात आजही माडाच्या ताडीला सूर हाच शब्द आहे. ही सुरा भट्टीवर उकळून गाळली की जो अर्क निघतो तो ओराका. अरक या शब्दाचेच ते पोर्तुगीज रूप. अर्क किती कडक आहे ते पाहण्याची रीतही दिली आहे. त्यात फडके भिजवून पेटवले तर ते युरोपातल्या ब्रँडीप्रमाणे जळते. गाळताना सर्वांत आधी जो उत्तम अर्क येतो त्याला फुला म्हणतात, म्हणजे आपले फूल, आणि त्यातला थोडा पुढच्या अर्कात मिसळतात.

मराठीत आपण पहिल्या धारेची म्हणतो ना, तीच ही गोष्ट. भट्टीवरच्या माणसाच्या तोंडचा शब्द ऑर्ता यांनी ऐकला आणि तसाच लिहिला.

पुढे ते सांगतात की सुरा उन्हात ठेवली की शिरका होतो. रस आटवला की गूळ होतो. मग शहाळे, सुके खोबरे, तेल, काथ्या, करवंटी, झावळ्या असे एकेक करून अख्खे झाड येते. देशोदेशीची नावे वेगवेगळी दिली आहेत. पोर्तुगालहून सहा महिने डोलत येणारी द्राक्षाची वाइन पिणाऱ्या लोकांना त्यांनी हे सांगितले की ज्या झाडाच्या सावलीत तुम्ही बसला आहात त्यातूनच पेय, दारू, शिरका आणि साखर ही चारही येतात.

एक गोष्ट पुस्तकात नाही, तीही पाहण्यासारखी आहे. काजू. आज गोव्याची फेणी म्हटले की आपल्याला काजूची बोंडे आठवतात. ऑर्ता यांच्या पुस्तकात काजूचा उल्लेखच नाही. अमेरिकेतून आलेले हे झाड त्यांच्या पाहण्यात आले नसावे. त्यांच्यानंतर 15 वर्षांनी, 1578 मध्ये, क्रिस्तोव्हाँव द कोस्ता या दुसऱ्या वैद्यांच्या पुस्तकात काजू भेटतो. म्हणजे इथली जुनी गाळीव दारू माडाची. काजू नंतर आला आणि पुढे निघून गेला.

त्यांनी पाहिले त्यामागचे शास्त्र

ऑर्ता यांना यीस्ट ठाऊक नव्हते. रस सूक्ष्मजीवांमुळे आंबतो हे कळायला अजून सुमारे तीनशे वर्षे होती. तरी त्यांच्या वर्णनाचा क्रम बरोबर आहे. तो आजच्या भाषेत असा मांडता येईल.

माडाची न उमललेली पोय दोरीने घट्ट आवळतात, हलक्या हाताने ठोकतात आणि टोक रोज पातळ कापतात. कापलेल्या जागेतून रस ठिबकतो. एका माडाला दिवसाला साधारण दीड ते तीन लिटर रस मिळतो आणि त्यात 12 ते 15 टक्के साखर असते. हाच ताजा रस म्हणजे नीरा. मडके स्वच्छ असेल, आतून चुना लावला असेल किंवा रस लगेच थंड केला असेल, तर तो गोड राहतो. नाहीतर हवेतले आणि मडक्यातले यीस्ट काही तासांत कामाला लागते. पहाटेचा गोड रस दुपारी फेसाळतो आणि आंबूस होतो. दिवसभरात त्यात सुमारे 4 ते 6 टक्के मद्यार्क तयार होतो. तसाच उघडा ठेवला की दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्या मद्यार्काचे आम्ल करतात आणि शिरका होतो. त्यांना हवा आणि ऊब लागते. म्हणूनच उन्हात ठेवण्याची रीत.

नारळाची आणि रसाची झाडे वेगळी राखण्यामागेही कारण आहे. माडाला साधारण महिन्याला एक पोय येते. जी पोय रसासाठी कापली तिला नारळ धरत नाहीत. एकाच झाडाकडून दोन्ही पूर्ण घ्यायला गेलात तर हिशेब जुळत नाही.

ताडाची गोष्ट थोडी निराळी. ताडात नर आणि मादी झाडे वेगळी असतात आणि रस दोन्हींपासून मिळतो. पण लावल्यापासून रस द्यायला बारा-पंधरा वर्षे किंवा त्याहूनही जास्त लागतात. त्यामुळे तोडलेल्या एका ताडाची जागा लवकर भरत नाही. शिंदीचा हंगाम थंडीचा, ताडाचा थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत, माडाचा वर्षभर. पालघर-डहाणूकडे भेर्ली माडाचाही रस काढतात. ज्यांनी हे चारही रस एकाच सकाळी चाखले आहेत ते डोळे मिटून सांगू शकतात की कोणता कुठला.

जिभेवर विश्वास ठेवणारा वैद्य

ऑर्ता यांच्या लिखाणाचा विशेष हाच की ते नाक मुरडून थांबत नाहीत. हिंगाचा वास त्यांना अजिबात सहन होत नसे. तरी हिंग घातलेली भाजी त्यांनी खाऊन पाहिली आणि ती वाईट लागत नाही, हे प्रांजळपणे लिहिले. आपल्याला न आवडणारी वस्तू लोक रोज खातात त्याअर्थी त्यात काहीतरी असणार, हा विचार त्या काळच्या युरोपीय माणसाला सहज सुचणारा नव्हता.

कोकमावरही त्यांनी लिहिले आहे. गोव्यात कोकमाला भिरंड म्हणतात, पोर्तुगीजांनी त्याचे ब्रिंदांव केले. फळ आंबट, सर्वांना आवडणारे नाही, पण साल शिरक्यासारखी वापरतात आणि पोर्तुगाललाही पाठवतात, अशी ही नोंद. आज कोकण कृषी विद्यापीठाच्या कोकण अमृता आणि कोकण हातीस या जाती तुम्ही लावता, पण सालीच्या वापराचा पाया तोच आहे. पटकीसारख्या रोगाचे वर्णन करताना त्यांनी मोर्शी हा शब्द दिला आहे. म्हणजे आपली मोडशी. घारापुरीच्या आणि साष्टीतल्या लेण्यांबद्दलही पुस्तकात मजकूर आहे.

त्यांची शिस्त साधी होती. स्वतः पाहिले ते तसे सांगायचे. ऐकले असेल तर कोणाकडून ऐकले ते सांगायचे. पाहिले नसेल तर पाहिले नाही असे सांगायचे. ग्रीक ग्रंथ चुकला असेल तर चुकला म्हणायचे. अर्थात त्यांच्याही चुका झाल्या आहेत, आणि इथल्या लोकांबद्दल काही पूर्वग्रह त्यांच्या लिखाणात दिसतात. एक उणीव तर आपल्याला विशेष बोचावी अशी. अंतोनियाचे नाव पुस्तकात आहे. मालुपा नावाच्या हिंदू वैद्याचे नाव आहे. पण माडावर चढून ज्याने सुरा उतरवली, ज्याने फूल हा शब्द सांगितला, त्याचे नाव नाही.

जे लिहिता आले नाही

पुस्तक निघाले तेव्हा गोव्यात इन्क्विझिशन येऊन तीन वर्षे झाली होती. ऑर्ता यांच्या बहिणींना त्याआधीच लिस्बनमध्ये अटक झाली होती. सुटल्यावर त्या आईसह गोव्याला भावाकडे आल्या होत्या. व्हाइसरॉय आणि सेनापती ओळखीचे, राजे मित्र, पोर्तुगीजांचे महाकवी कामोइश यांची कविता पुस्तकाच्या सुरुवातीला, अशा मानमरातबात ऑर्ता जगत होते. घरात मात्र जुन्या धर्माचे काही आचार गुपचूप चालू होते, असे पुढे चौकशीत निघाले. झाडापानांबद्दल जो माणूस दिसेल ते बोलला, त्याला स्वतःबद्दल एक शब्द बोलण्याची सोय नव्हती.

1568 मध्ये गोव्यात त्यांचा मृत्यू झाला. लगेच घरच्यांवर धाड आली. बहीण कातारिना हिला 25 ऑक्टोबर 1569 रोजी गोव्यात जिवंत जाळले. तेवढ्यावर भागले नाही. 4 डिसेंबर 1580 रोजी ऑर्ता यांची हाडे थडग्यातून उकरून काढून तीही जाळली. मेल्यानंतर 12 वर्षांनी त्यांना ही शिक्षा झाली.

पुस्तक मात्र तोवर हाताबाहेर गेले होते. क्लुसियस या वनस्पतीशास्त्रज्ञाला 1564 मध्ये ते लिस्बनमध्ये मिळाले आणि 1567 मध्ये त्याने अँटवर्पहून त्याचा लॅटिन सारांश छापला. तो युरोपभर गेला, त्याच्या आवृत्त्या निघाल्या, भाषांतरे झाली. माड, आंबा, फणस, कोकम, भांग, हळद यांची युरोपला झालेली नीट ओळख बरीचशी या वाटेने झाली. आज लिस्बनजवळ अल्मादा इथल्या मोठ्या रुग्णालयाला त्यांचे नाव आहे. पणजीतले चर्चजवळचे नगरपालिकेचे उद्यानही त्यांच्याच नावाने ओळखले जाई. जाल तेव्हा त्या झाडांखाली पाच मिनिटे जरूर बसा.

आता तुमच्या बांधाकडे

हे सगळे पीक सल्ल्याच्या जागी कशाला, असे तुम्हाला वाटले असेल. कारण सांगतो.

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात खाडीकाठचे माड आणि ताड रस्त्यांना, इमारतींना जागा देत कमी झाले. त्याहून वेगाने कमी झाले ते झाडावर चढणारे हात. पूर्वी किनाऱ्याला भंडारी समाजाचा हा पिढीजात धंदा होता, आतल्या भागात आदिवासी बांधव शिंदी आणि ताड उतरवत. आज मुलगा चढायला तयार नाही आणि बापाचे गुडघे चालत नाहीत. आम्ही कृषी पदवीला माडाचे शास्त्रीय नाव, खताची मात्रा, किडींची यादी शिकलो. पोय कोणत्या दिवशी बांधावी, ढगाळ हवेत रस का कमी होतो, कोणत्या झाडाचा रस लवकर आंबतो, हे उतरवणाऱ्याला विचारावे असे आम्हाला कोणी सांगितले नाही. त्यामुळे ती माहिती कोणत्याच वहीत नाही. एक म्हातारा गेला की तेवढी कायमची जाते.

म्हणून चार गोष्टी करा.

पहिली, नोंद. तुमच्या शिवारात रस उतरवणारा कोणी असेल तर त्याच्याबरोबर एक सकाळ घालवा. झाड कोणते, वय किती, पोय कधी बांधली, सकाळी-संध्याकाळी किती रस निघाला, चव कशी, किती तासांनी आंबला, हे तारखेसह लिहा. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहा. आणि ऑर्ता यांची चूक करू नका. त्याचे नाव, त्याला विचारून, वर लिहा.

दुसरी, झाडाची काळजी. चढायला सोपे जावे म्हणून खोडाला खाचा पाडण्याची पद्धत सोडा. जखमेतून लाल सोंड्या भुंगा खोडात शिरतो आणि शेंड्यापर्यंत पोखरतो. बाहेर लक्षण दिसेपर्यंत झाड हातचे गेलेले असते. शिडी किंवा माडावर चढण्याचे साधन वापरा. जखम झालीच तर ती तशीच उघडी ठेवू नका, कृषी सहायकाच्या सल्ल्याने लेप लावा. आंबलेल्या रसाच्या वासाने हे भुंगे येतात, म्हणून सापळ्यातही असा रस वापरतात. तेव्हा सांडलेली ताडी आणि फुटकी मडकी बागेत राहू देऊ नका.

तिसरी, कायदा. माडी, ताडी किंवा नीरा उतरवायला आणि विकायला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. घरी भट्टी लावणे गुन्हा आहे आणि जिवाला धोकाही. ऑर्ता यांनी वर्णन केलेली गाळण्याची कृती इतिहास म्हणून वाचा, करून पाहू नका. शहरांजवळ ताडी म्हणून विकल्या जाणाऱ्या पेयात क्लोरल हायड्रेटसारखी रसायने मिसळल्याचे प्रकार अनेकदा उघडकीस आले आहेत. झाड आणि उतरवणारा ठाऊक नसेल तर तो ग्लास हातात घेऊ नका.

चौथी, लागवड. जागा असेल तर बांधावर माड लावा. बाणवली ही आपल्या किनाऱ्याची जुनी उंच जात आहे. भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्राची प्रताप जातही कोकणासाठीच निवडलेली आहे. रोपे खात्रीच्या रोपवाटिकेतूनच घ्या. परसात जागा असेल तर कोकमही लावा, पण कोकमात नर-मादी झाडे वेगळी असतात हे लक्षात ठेवून कलमे घ्या. बोर्डी भागात चिकूपासूनही वाइन झाली आहे. तेव्हा आपल्या फळांच्या चवीला बाजार मिळणारच नाही असे समजून बसू नका.

पुढच्या वेळी नाशिकला जाल तेव्हा वाइन जरूर चाखा. परतताना शहापूर किंवा मुरबाडच्या बाजूला रस्त्याकडेला मडके बांधलेली शिंदी दिसली तर गाडी थांबवा, उतरवणाऱ्याला रामराम करा आणि विचारा की हे मडके कधी बांधले. हंगाम थंडीत सुरू होतो. वही आणि पेन गाडीत आताच ठेवून द्या.